वारेतले रक्त वाहते ठेवणारे प्रथिन

गर्भाचे पोषण, श्वसन आणि उत्सर्जन या तिन्ही गोष्टी वारेवाटे होतात हे शालेय पुस्तकांतूनही सांगितले जाते. परंतु हे काम करताना वारेला जी जोखीम पत्करावी लागते तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. शरीरात इतरत्र रक्त हे रक्तवाहिन्यांतूनच फिरते आणि त्या वाहिन्यांचे आतले अस्तर रक्त साकळू नये म्हणून अखंड राबत असते. वारेत मात्र आईच्या धमन्यांची टोके उघडी असतात, त्यांतून आलेले रक्त एका पोकळीत मोकळे सुटते, गर्भाच्या बाजूने वाढलेल्या असंख्य अंकुरांना भिजवते आणि मग शिरांवाटे परत जाते. गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त या मार्गाने जाते, आणि सगळे अंकुर उलगडून मांडले तर त्यांचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटरच्या पुढे भरते. वाहिनीबाहेर पडलेले रक्त काही मिनिटांत साकळावे हा शरीराचा नियम असताना, एवढ्या मोठ्या परक्या पृष्ठभागावरून ते नऊ महिने पातळच कसे वाहत राहते, हा प्रश्न वारेच्या आरोग्याच्या मुळाशी आहे. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे अ‍ॅनेक्सिन ए५ हे प्रथिन.

हे प्रथिन फॉस्फोलिपिडांना चिकटते, म्हणून आधी फॉस्फोलिपिडांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक पेशीचे पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. या रेणूंच्या एका टोकाला फॉस्फेट असल्यामुळे त्यांना फॉस्फोलिपिड म्हणतात. त्यांपैकी फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा ऋणभारित प्रकार निरोगी पेशी नेहमी आतल्या थरात ठेवते आणि त्यासाठी ऊर्जाही खर्च करते. पेशीला इजा झाली, ती मरणपंथाला लागली किंवा रक्तातील बिंबिका उत्तेजित झाल्या, की हा रेणू बाहेरच्या थरावर येतो, आणि रक्त साकळवणारे घटक कॅल्शियमच्या साहाय्याने त्याच्यावर ठाण मांडून एकमेकांना कार्यान्वित करू लागतात. रक्त साकळण्याची साखळी रक्तद्रवात तरंगत असताना फार मंद चालते. तिला वेग येतो तो अशा पटलावर.

वारेची अडचण अशी, की तिच्या अंकुरांचे बाहेरचे आवरण स्वतंत्र पेशींचे नसते. लहान पेशी एकमेकींत मिसळून, मधल्या भिंती विरघळवून, अनेक केंद्रके असलेला एकच सलग थर तयार करतात, आणि या मीलनाच्या क्रियेत फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर येणे अपरिहार्य असते. म्हणजे ज्या पृष्ठभागावर आईचे रक्त थेट आदळते तोच पृष्ठभाग रक्त साकळवण्यास अनुकूल असतो. अ‍ॅनेक्सिन ए५ या ठिकाणी विपुल असते. सुमारे ३२० अमिनो आम्लांचे हे प्रथिन चार सारख्या भागांचे बनलेले असून किंचित वाकलेल्या चकतीसारखे असते. त्याची बहिर्गोल बाजू कॅल्शियमच्या मध्यस्थीने पटलाला चिकटते. एकदा चिकटल्यावर तीन-तीन रेणू एकत्र येतात आणि अशी त्रिकुटे शेजारी शेजारी बसून अंगणातील फरसबंदीप्रमाणे सलग, नियमित नक्षीचा थर तयार करतात. त्या थराखाली झाकलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिनपर्यंत रक्त साकळवणारे घटक पोहोचू शकत नाहीत. रक्त पातळ ठेवण्याची ही रीत हेपॅरिनसारख्या औषधांहून निराळी आहे. औषध घटकांनाच निष्प्रभ करते, तर हे प्रथिन त्यांना बसायला जागाच ठेवत नाही.

या प्रथिनाचा शोधही जन्माशी निगडित अवयवांतूनच लागला. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट येथे क्रिस रॉइटेलिंग्सपेर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मानवी नाळेच्या धमन्यांतून रक्त साकळण्यास विरोध करणारा एक पदार्थ वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. जर्मनी, जपान आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांनी हाच पदार्थ वारेतून आणि अन्य ऊतींतून निरनिराळ्या नावांनी मिळवला होता, आणि अखेर १९९० मध्ये या साऱ्या कुळाला अ‍ॅनेक्सिन हे एकच नाव देण्यात आले. त्याच वर्षी नोबेल विजेते रॉबर्ट हूबर यांच्या गटाने त्याची त्रिमितीय रचना उलगडली. बाहेर आलेले फॉस्फॅटिडिलसेरिन अचूक हुडकण्याच्या गुणामुळे, चमकणारे रंगद्रव्य जोडलेले अ‍ॅनेक्सिन १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मरणाऱ्या पेशी ओळखण्यासाठी जगभर वापरले जाऊ लागले. पुण्यातील ज्या प्रयोगशाळांत कर्करोगाच्या किंवा प्रतिकारशक्तीच्या पेशींवर काम चालते, तेथेही ही चाचणी नित्याची आहे. ते प्रथिन मुळात वारेचे आहे याची आठवण तेथे क्वचितच निघते.

वारेवरील हा थर फाटला तर काय होते, याचे उत्तर एका विकाराच्या अभ्यासातून मिळाले. १९८३ मध्ये लंडनमधील ग्रॅहम ह्यूज यांनी वारंवार रक्ताच्या गुठळ्या होणे आणि वारंवार गर्भपात होणे या दोन गोष्टींचा संबंध रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांशी जोडून दाखवला. प्रतिपिंडे म्हणजे रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिने. या विकारात ती स्वतःच्याच शरीरातील फॉस्फोलिपिडांना चिकटणाऱ्या प्रथिनांवर उलटतात, म्हणून त्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असे म्हणतात. १९९० मध्ये स्पष्ट झाले, की या प्रतिपिंडांचे खरे लक्ष्य बहुतेक वेळा बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ हे रक्तातील प्रथिन असते. न्यूयॉर्कमधील जेकब रँड यांनी १९९४ मध्ये दाखवले, की अशा स्त्रियांच्या वारेच्या अंकुरांवर अ‍ॅनेक्सिन ए५ कमी झालेले असते. १९९७ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ही प्रतिपिंडे सोडली, तेव्हा पृष्ठभागावरील अ‍ॅनेक्सिन घटले आणि त्या पेशींच्या सान्निध्यात रक्तद्रव लवकर साकळू लागला. पुढे अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली ती नियमित नक्षी जागोजागी उखडलेली प्रत्यक्ष दिसली. एका प्रतिपिंडाने बीटा-२ ग्लायकोप्रोटीनचे दोन रेणू जोडले, की ती जोडी पटलाला इतकी घट्ट बसते की अ‍ॅनेक्सिन बाजूला ढकलले जाते.

तथापि सगळा दोष या एका थरावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. उंदरांच्या शरीरात अ‍ॅनेक्सिन ए५ विरुद्धची प्रतिपिंडे सोडल्यावर वारेचे भाग रक्ताअभावी मृत झाले आणि गर्भ गेले, हे १९९९ मध्ये दिसले. परंतु ज्या उंदरांत या प्रथिनाचा जनुकच काढून टाकला होता ते २००३ मध्ये जिवंत आणि वरकरणी निरोगी निपजले. अशा माद्यांना पिल्ले कमी होतात, त्यांच्या वारेत गुठळ्या आढळतात आणि हेपॅरिन दिल्यास पिल्लांची संख्या वाढते, हे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवल्यावर चित्र बरेच जुळले. शिवाय ही प्रतिपिंडे शरीराच्या दाहयंत्रणेलाही चिथावतात आणि वारेच्या पेशींच्या वाढीतही अडथळा आणतात. अनुवंशाचा धागाही आहे: जर्मनीतील म्युन्स्टर येथील गटाने २००७ मध्ये या जनुकाच्या नियंत्रक भागातील एम२ हा प्रकार दाखवला, ज्यामुळे प्रयोगशाळेत जनुकाची क्रियाशीलता नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपास येते; मात्र त्याचा गर्भपाताशी असलेला संबंध नंतरच्या सर्वच अभ्यासांत सारखा आढळला नाही, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत त्याला स्थान मिळालेले नाही.

या विकाराच्या निदानाची एक महत्त्वाची चाचणी जुन्नर-आंबेगावच्या शेतशिवाराशी अनपेक्षित रीतीने जोडलेली आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन तालुक्यांचा पूर्व भाग धरणांच्या पाण्यावर पिकणारा, उसाचा, टोमॅटोचा, भाजीपाल्याचा आहे. पश्चिमेकडे डिंभे धरणाच्या पलीकडे आहुपे, भीमाशंकरपर्यंत आणि जुन्नरच्या बाजूला हातवीजच्या दिशेने सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी समाजाच्या वाड्या-वस्त्या आहेत. या साऱ्या शिवारात घोणस हा सर्वांच्या परिचयाचा साप आहे, आणि नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारासाठी दीर्घकाळ केलेल्या कामामुळे या भागाचे नाव वैद्यकविश्वात त्या संदर्भात घेतले जाते. घोणसाच्या विषातील एक घटक रक्त साकळण्याच्या साखळीतील दहाव्या घटकाला थेट कार्यान्वित करतो. दंश झालेल्या माणसाच्या शरीरात ही साखळी इतकी बेफाम चालते की साकळवणारे घटक संपून जातात आणि रक्त साकळेनासे होते. म्हणूनच ग्रामीण रुग्णालयांत अशा रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करून ते गोठले की नाही हे पाहतात.

याच विषाचा अत्यंत सौम्य द्राव प्रयोगशाळेत अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे शोधण्यासाठी वापरतात, आणि ती पद्धत १९८६ मध्ये पेरुमल थियागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. स्त्रीच्या रक्तद्रवात घोणसाचे सौम्य विष, कॅल्शियम आणि मुद्दाम अगदी थोडे फॉस्फोलिपिड घालतात व गुठळी होण्यास किती सेकंद लागतात हे मोजतात. विष थेट दहाव्या घटकावर काम करत असल्याने साखळीच्या आधीच्या पायऱ्यांतील दोषांचा गोंधळ टळतो. पण पुढच्या पायरीला फॉस्फोलिपिडांचे पटल लागतेच. प्रतिपिंडे असतील तर ती ते थोडेसे फॉस्फोलिपिड अडवून धरतात आणि वेळ लांबतो. मग दुसऱ्या नळीत भरपूर फॉस्फोलिपिड घालून तीच मोजणी केली, की प्रतिपिंडे अपुरी पडतात आणि वेळ पूर्ववत होतो. दोन वेळांचे गुणोत्तर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर चाचणी होकारार्थी धरतात. काचेच्या नळीत साकळणे लांबवणारी ही प्रतिपिंडे शरीरात मात्र गुठळ्या घडवतात, हे कोडे वैद्यकाला अनेक वर्षे सतावत होते. अ‍ॅनेक्सिनच्या थराने त्याचे एक पटण्याजोगे उत्तर दिले. नळीत तो थर नसतो. शरीरात तो असतो, आणि प्रतिपिंडे जेवढी जागा स्वतः झाकतात त्याहून अधिक जागा अ‍ॅनेक्सिन उखडून उघडी करतात.

या चाचणीचे मोल नमुना कसा घेतला यावर ठरते, आणि दूरच्या वाडीतील स्त्रीच्या दृष्टीने हाच मुद्दा सर्वांत कळीचा आहे. रक्त सोडियम सायट्रेट असलेल्या निळ्या टोपणाच्या नळीत, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट या प्रमाणात, खुणेपर्यंत भरावे लागते. ते चार तासांच्या आत यंत्रात दोनदा फिरवून बिंबिका जवळजवळ पूर्ण काढून टाकाव्या लागतात. बिंबिका राहिल्या आणि नमुना गोठवला, तर त्या फुटून त्यांच्या पटलातील फॉस्फोलिपिड रक्तद्रवात मिसळते, प्रतिपिंडे त्यात झाकली जातात आणि आजार असूनही अहवाल नकारार्थी येतो. एखाद्या खाजगी केंद्रावर सकाळी घेतलेले रक्त शीतपेटीत दिवसभर ठेवून संध्याकाळच्या गाडीने पुणे-नाशिक महामार्गाने पुण्याला धाडण्याची रीत इतर पुष्कळ तपासण्यांना चालते. या तपासणीला ती मुळीच चालत नाही. अन्य दोन तपासण्या, म्हणजे अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरोधी प्रतिपिंडांची मोजणी, रक्तजलावर होतात आणि तो नमुना थंड ठेवून नेता येतो. त्यामुळे त्या दोन तपासण्यांचे रक्त मंचर किंवा जुन्नरहून पाठवावे आणि घोणसाच्या विषाच्या चाचणीसाठी मात्र स्त्रीनेच एकदा सुसज्ज प्रयोगशाळेत जावे, हा मार्ग खर्चाचा असला तरी फसव्या अहवालापेक्षा केव्हाही बरा. तिन्हींपैकी जी होकारार्थी येईल ती किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण एखाद्या संसर्गानंतरही अशी प्रतिपिंडे काही काळ रक्तात दिसतात आणि नाहीशी होतात.

महाराष्ट्रात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास मुंबईत परळ येथे झाला. तेथील के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत कांजाक्ष घोष आणि श्रीमती शेट्टी यांच्या गटाने, परळच्याच नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहातील डॉक्टरांच्या सहकार्याने, वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या रक्ताची तपासणी केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात अँटिकार्डिओलिपिनबरोबर अ‍ॅनेक्सिनविरोधी प्रतिपिंडांचाही समावेश होता. २०१३ मध्ये या गटाने रक्तात तरंगणाऱ्या, पेशींपासून तुटलेल्या सूक्ष्म पुटिका अशा स्त्रियांत वाढलेल्या असल्याचे दाखवले. त्या पुटिकांवर फॉस्फॅटिडिलसेरिन उघडे असते आणि त्या ओळखण्यासाठी अ‍ॅनेक्सिनचाच उपयोग केला जातो. पाश्चात्त्य देशांत गाजलेले काही आनुवंशिक रक्तदोष भारतीय स्त्रियांत कमी आढळतात, त्यामुळे तेथील तपासण्यांची यादी जशीच्या तशी येथे राबवणे म्हणजे गरीब कुटुंबाचे पैसे वाया घालवणे होय; स्वतःच्या लोकसंख्येवर केलेल्या अशा अभ्यासाची किंमत त्यामुळे फार मोठी आहे.

उपचाराच्या बाबतीत दिलासा असा, की मुख्य औषधे जुनी आणि ओळखीची आहेत. लंडनमध्ये राज राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वारंवार गर्भपात झालेल्या आणि रक्तात ही प्रतिपिंडे असलेल्या ९० स्त्रियांवर केलेल्या चाचणीत केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के, तर अ‍ॅस्पिरिनबरोबर हेपॅरिन घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. नंतरच्या चाचण्यांत फरक नेहमीच एवढा मोठा दिसला नाही, तरी अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि पोटाच्या त्वचेखाली टोचायचे हेपॅरिन हाच आजचा मान्य उपचार आहे. हेपॅरिन वार ओलांडून गर्भापर्यंत जात नाही, हा त्याचा मोठा गुण. याउलट गुठळ्यांसाठी एरवी दिले जाणारे वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते, म्हणून ते घेणाऱ्या स्त्रीला दिवस गेल्याचे कळताच औषध बदलावे लागते. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. हेपॅरिन म्हणजे गर्भ टिकवण्याचे सर्वसाधारण इंजेक्शन नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलाइफ-२ या चाचणीत, वारंवार गर्भपात आणि केवळ आनुवंशिक रक्तदोष असलेल्या स्त्रियांना त्याचा लाभ झाला नाही. प्रतिपिंडांची खात्री न करता महिनोन्‌महिने ही महागडी इंजेक्शने लिहून देण्याची प्रथा म्हणूनच समर्थनीय ठरत नाही.

अ‍ॅनेक्सिनच्या थरालाच सांभाळणारे औषध मिळेल काय, या दिशेनेही काम झाले आहे. हिवतापावर आणि संधिवातावर वापरले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रतिपिंडांना पटलावरून सुटे करते आणि उखडलेला थर पुन्हा जुळू देते, असे रँड यांच्या गटाने २०१० मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. ल्युपस हा आजार असलेल्या गर्भवतींना हे औषध अनेक वर्षांपासून दिले जाते, त्यामुळे गर्भारपणातील त्याच्या सुरक्षिततेचा अनुभव मोठा आहे. नेहमीच्या उपचारानंतरही गर्भ जात असेल तर काही तज्ज्ञ त्याची जोड देतात. खुद्द अ‍ॅनेक्सिन प्रयोगशाळेत तयार करून औषध म्हणून टोचण्याची कल्पना अन्य आजारांसाठी तपासली गेली आहे, परंतु गर्भवतींसाठी ते मान्यताप्राप्त औषध नाही.

कोणाची तपासणी करावी, हा प्रश्न उरतो. पहिल्या तिमाहीतील एखाददुसरा गर्भपात हा बहुधा गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतो आणि त्यासाठी या तपासण्यांची गरज नसते. दहा आठवड्यांपूर्वी लागोपाठ तीन गर्भपात, दहा आठवड्यांनंतर रचनेने निर्दोष गर्भाचा मृत्यू, किंवा रक्तदाब वाढल्यामुळे अथवा वार नीट काम न करत असल्यामुळे ३४ आठवड्यांपूर्वी करावी लागलेली प्रसूती, यांपैकी काही घडले असेल तर मात्र त्या करायलाच हव्यात. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्क्यांत ही प्रतिपिंडे आढळतात. हा इतिहास मिळण्याची जागा म्हणजे आशा कार्यकर्तीची वही, माता-बाल संरक्षण कार्ड, आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत होणारी सुरक्षित मातृत्व तपासणी. ‘मागील गर्भपात – ३’ एवढीच नोंद मात्र पुरेशी नाही. प्रत्येक वेळी किती महिने झाले होते, सोनोग्राफीत ठोके दिसले होते काय, रक्तदाब वाढला होता काय, हे लिहिले गेले तरच पुढचा डॉक्टर काही ठरवू शकतो.

प्रसूतीनंतर वार थाळीत घेऊन ती पूर्ण पडली की नाही हे पाहणे परिचारिकेच्या अंगवळणी पडलेले असते. आईच्या बाजूचा, १५ ते २० उंचवट्यांत विभागलेला गडद लाल पृष्ठभाग बोटांनी दाबत गेल्यास मृत झालेला भाग घट्ट लागतो, आणि कापल्यावर तो फिकट पिवळसर दिसतो. पूर्ण दिवसांच्या वारेत कडेला एखादा असा डाग असणे वावगे नाही. परंतु लहान, कमी वजनाच्या वारेत असे अनेक डाग असतील आणि मूल मृत किंवा फारच अशक्त जन्मले असेल, तर ती वार पुरण्यासाठी नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यापूर्वी तिचे वजन, मोजमाप आणि शक्य असल्यास एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये राखून ठेवणे फार मोलाचे ठरते. गावाकडे अशा वेळी सुनेच्या पायगुणाची किंवा बाहेरच्या बाधेची चर्चा सुरू होते, तिच्यावर उपासतापास लादले जातात, क्वचित दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. रक्तातील प्रतिपिंडांना त्या स्त्रीचे वागणे, तिचे कष्ट किंवा तिचा आहार कारणीभूत नसतो, हे कुटुंबापुढे स्पष्ट शब्दांत सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

मूल सुखरूप झाल्यावरही हा विषय तेथे संपत नाही, कारण वार पडून गेली तरी प्रतिपिंडे आईच्या रक्तात राहतात. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून हेपॅरिन बहुधा तेवढा काळ चालू ठेवतात आणि ते अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पुढे पाळणा लांबवण्याचा विचार करताना, सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या माला-एनसारख्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या या स्त्रियांना देऊ नयेत, कारण इस्ट्रोजेनमुळे गुठळ्यांचा धोका आणखी वाढतो. तांबी त्यांना सहसा चालते. तरुण वयात अर्धांगाचा झटका येण्याची शक्यताही या विकारात असते, त्यामुळे निदानाचा कागद बाळंतपणाच्या फाइलबरोबर बाजूला न ठेवता आईच्या स्वतःच्या आरोग्यनोंदीत कायम राहिला पाहिजे आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दाखवला गेला पाहिजे.